पिवळ्या फितीची पपई

आमच्या सरांच्या दोन बुटांचं आपसात कधी पटलं नाही. डावा असा चकचकीत की वाकून त्यात टिकली नीट करावी, आणि उजवा नुकताच वावरातून आलेला. नवा माणूस आधी बुटांकडे बघायचा, मग सरांच्या तोंडाकडे, आणि गडबडीत घातले असतील बिचाऱ्यांनी असं समजून विषय बदलायचा. गडबड कसली डोंबलाची! डाव्याला महागाचं पॉलिश आणि उजव्याला नुसतं ओलं फडकं, हा ठरवून केलेला बंदोबस्त होता. "दोन्हींना पॉलिश लावलं आणि दोन्ही चमकले," सर म्हणायचे, "तर ती चमक पॉलिशची की मुळात चामड्याचीच, हे तुम्ही कशावरून सांगणार?" आम्हाला कुणाला ते सांगायचंच नव्हतं, पण सरांपुढे असं बोलायची सोय नव्हती.

सर्दी झाली की एका नाकपुडीत औषधाचे थेंब, दुसरीत मिठाचं पाणी, आणि दिवसभर शिक्षक-खोलीत बसून कुठली आधी मोकळी होते याच्यावर लक्ष. दारात तुळशी दोन. एकीला खत, दुसरीला नुसतं पाणी. सरांच्या आई विसरवाडीहून आल्या की दुसरीला गुपचूप जास्त पाणी घालत, कारण त्यांना ती सवतीच्या पोरीसारखी वाटे. ज्याला काहीच द्यायचं नाही, नुसतं शेजारी उभं करायचं, त्याला सर कंट्रोल म्हणत. आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. त्यामुळे खेड्यात समजावताना सरांचा अर्धा वेळ गहू-तांदळातच जायचा.

आणि त्यांचा एक प्रश्न होता. ऊठसूट तोच. कुणी काहीही सांगितलं की मान तिरकी करून, अगदी भोळेपणाने विचारायचे, "बरं, आणि ज्याला दिलं नाही, त्याचं काय झालं?"

माझ्या आईने त्यांना सांगितलं की म्हसावदच्या एका महाराजांचा अंगारा लावला आणि तिची गुडघेदुखी गेली. सर म्हणाले, "छान. एकाच गुडघ्याला लावला होता का?" आईने त्या दिवसापासून त्यांना चहा विचारणं सोडलं. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब. त्यांच्या वाढदिवसाला हवन झालं आणि दुसऱ्या दिवशी पाऊस पडला. सगळा स्टाफ हार घेऊन उभा. सर हार घालताना म्हणाले, "ज्या वर्षी हवन नव्हतं त्या वर्षीचा पाऊस कुणी मोजलाय का?" आणि एकदा तर एक मोठे पाहुणे भाषणात सांगत होते की अमुक योजनेत साड्या वाटल्यापासून आमच्या भगिनींचा आत्मविश्वास किती वाढला. सर पहिल्या रांगेतून उठले. "साहेब, ज्यांना साडी मिळाली नाही त्यांचा आत्मविश्वास किती वाढला?" पाहुण्यांना वाटलं हा विरोधी पक्षाचा माणूस. माणूस कुठल्याच पक्षाचा नव्हता हो! त्याला खरोखरच आकडा हवा होता.

मी त्यांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकवायचे. शिकवायचे म्हणजे तासिका तत्त्वावर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही ते पुण्यवान. तास झाला तर पगार, सुट्टी आली तर हरी हरी. थोर पुरुषांच्या जयंतीला सगळा देश आदराने नमस्कार करतो, मी हात जोडायचे ते मनातल्या मनात हिशोब करत. सर कायम होते, म्हणजे त्यांना काढता येत नव्हतं. नाहीतर त्या साडीच्या प्रश्नालाच त्यांची पाठवणी झाली असती.

ते मूळचे विसरवाडीचे. घरची बोली कोकणी, ती समुद्राकाठची नव्हे, आमच्या नवापूरकडच्या आदिवासींची. दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत डॉक्टरेट केली, परदेशात जायचं चालून आलेलं सोडलं, आणि शहादा तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात येऊन बसले. का, असं विचारलं तर म्हणायचे, "माझं गाव हायवेवर आहे. तिथे सगळ्या गाड्या थांबतात, चहा पितात आणि जातात. म्हटलं एखाद्याने राहून बघावं काय होतं ते." भाऊसाहेब मात्र प्रत्येक कार्यक्रमात त्यांची ओळख "सातपुड्याच्या दुर्गम कडेकपारीतून आलेले" अशी करून द्यायचे. विसरवाडीत ट्रकांच्या हॉर्नमुळे रात्री झोप लागत नाही, आणि ह्यांना तिथे कडेकपारी दिसत होत्या!

त्यांचा विषय म्हणजे जनुकांना गप्प बसवणं. आरएनए वापरून. पुस्तकात हे वाचलं तर डोकं धरावं लागतं, पण सर वर्गात फळ्यावर एक म्हातारी काढायचे. "ही सासू. म्हणजे डीएनए. ही आपल्या खोलीतून हलत नाही. हुकूम चिठ्ठीवर लिहून स्वयंपाकघरात पाठवते. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठी पोचली की तशी भाजी होते. आता भाजी नको असेल तर काय कराल?" मुली एका सुरात म्हणायच्या, "सासूला बदला!" सर खडू आपटायचे. "सासूला हात लावायचा नाही! चिठ्ठी वाटेत फाडायची." पेशीत म्हणे एक पहारेकरी असतो. त्याला नेमक्या त्याच चिठ्ठीची दुपदरी नक्कल दाखवली की तो ओळखतो, आणि पुढे तसली चिठ्ठी दिसेल तिथे तिचे तुकडे करतो. सासू जिवंत, चिठ्ठ्या लिहून लिहून दमते, पण भाजी काही होत नाही. एखाद्या पोरीने उत्तरपत्रिकेत "जनुक मारले जाते" असं लिहिलं की सर लाल शाईने लिहायचे, "मेलं नाही. गप्प बसलंय. आणि तेही पूर्ण गप्प नाही." विद्यापीठाच्या तपासनिसाला ह्यातलं काहीच कळत नसे. तो "मारले" लिहिणारीलाही गुण द्यायचा आणि "गप्प" लिहिणारीलाही.

आता आमच्या भागात हे कशाला, तर पपईला. शहादा तालुक्यात पपई किती, हे मी सांगायला नको, आणि तिच्यावर येणारा व्हायरस कसा, हेही. मावा नावाचा बारीक किडा एका झाडावरून उठतो, दुसऱ्यावर बसतो, आणि बघता बघता पानं आखडून दोरीसारखी होतात, फळांवर गोल गोल चट्टे उठतात. औषध नाही. उपटायचं आणि जाळायचं. सरांचं म्हणणं असं की ह्या विषाणूच्या चिठ्ठीची नक्कल आपण बॅक्टेरियाच्या पोटात भरपूर तयार करू, ती पपईवर फवारू, म्हणजे विषाणू आत शिरला तरी झाडाचे पहारेकरी त्याची चिठ्ठी फाडून टाकतील. झाड तेच, बियाणं तेच, कशाचंही जनुक बदलायचं नाही.

ह्यासाठी सरांनी पत्रव्यवहार करून करून कॉलेजात एक प्रयोगशाळा उभी केली होती. एक खोली, चार यंत्रं आणि एक उणे ऐंशी अंशांचा डीप फ्रीजर. त्या फ्रीजरवर सरांनी लिहिलं होतं, "उघडू नये." आमच्याकडे असं लिहिणं म्हणजे आमंत्रणच की! एका समारंभाला प्राचार्यांनी पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या त्यात ठेवायला लावल्या. पाहुण्यांना भाषणात ठसका लागला, प्राचार्यांनी धावत जाऊन बाटली आणून दिली, आणि पाहुणे झाकण उघडून ती तोंडाशी उलटी धरून उभे राहिले. थेंब पडेना. टेबलावर आपटली तर काचेचं टेबल तडकलं. सर मागून मला हळूच म्हणाले, "फ्रीजर व्यवस्थित चालतोय." त्या दिवशी ते फार खुशीत होते.

ती खोली भाऊसाहेबांच्या डोळ्यांत सलत होती. मूल्यांकन समिती येणार म्हणून कॉलेजात अतिथी कक्ष हवा होता, सोफा आणि खोटी झाडं असलेला. मोठी खोली ती एकच. भाऊसाहेबांनी सरांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "समिती यायच्या आत पपई दाखवा. झाड हिरवं दाखवा, खोली तुमची, आयुष्यभर तुमची. नाही दाखवलंत तर माझा नाइलाज आहे." सर म्हणाले, "दाखवतो." माझंही त्यातच आलं. प्रयोगशाळा राहिली तर प्रकल्पावर माझी नेमणूक होणार होती, महिन्याच्या पगाराची. मी देवापुढे साखर ठेवली, कंट्रोल न ठेवता.

वावर मी मिळवून दिलं. ब्राह्मणपुरीला माझी सख्खी आत्या, आमच्या बोलीत फुई. सगळं गाव तिला जिजी म्हणतं, मीही जिजीच म्हणते. तिच्या नवऱ्याला, आप्पांना, विज्ञानात रस होता, म्हणजे ते मोबाइलवर पुष्कळ काही बघत. जिजीला रस होता झाडांत आणि माणसांत. तिच्या दारातून कुणी न जेवता गेलेलं मी पाहिलं नाही. वीज मीटर बघायला आलेल्या माणसाला तिने पुरणाची पोळी वाढलेली आहे, आणि तो नको नको म्हणत असताना दुसरी.

सर परवानग्यांचा गठ्ठा घेऊन वावरात आले. बांधाच्या आतल्या काही रांगा ठरल्या. अर्ध्या झाडांना लाल फीत, अर्ध्यांना पिवळी. लाल फितीला लाल डब्यातलं, पिवळ्याला पिवळ्या डब्यातलं, दर आठवड्याला, उन्हं वर यायच्या आत फवारायचं. एका डब्यात पपईच्या विषाणूची नक्कल. दुसऱ्यात समुद्रातल्या कुठल्याशा जेलीफिशच्या जनुकाची, जिचा शहाद्याशी काही संबंध नाही. दिसायला दोन्ही पाण्यासारखं. कुठल्यात काय हे फक्त मला माहीत, कारण डबे मी भरले होते. सरांनी स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. "मला कळलं तर माझे डोळे लबाडी करतील," म्हणाले.

जिजीने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, म्हंजे एकमा दवा, आनि एकमा काहीच नही?"

"काहीच नाही असं नाही, जिजी. पण कामाचं नाही."

"मंग त्या झाडंसनं काय पाप शे?"

सरांनी तिला कंट्रोल समजावून सांगितला. अगदी मन लावून, दोन्ही बूट दाखवून. जिजीने बूट बघितले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "यासनी बायको नही का?" नव्हती. जिजीला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. जाताना तिने मला दंडाला धरून बारीक आवाजात विचारलं, "मी तुन्ही सख्खी फुई शे. माले तरी सांग, कोनता डबामा शे?" मी नाही सांगितलं. मी म्हटलं विज्ञानात नाती नसतात. काय ऐट होती माझी!

पावसाळा सरता सरता व्हायरस आला. शेजारच्या वावरात आला, त्याच्या पलीकडल्या वावरात आला. सर रोज फेरी मारायचे. जिजीच्या बागेत लाल फितीची झाडं हिरवीगार. मी आतल्या आत नाचत होते. पण पिवळ्या फितीचीही हिरवीगार! सरांच्या कपाळावर आठ्या. भाऊसाहेबांना कुणीतरी फोटो पाठवले, त्यांना फिती दिसल्या नाहीत, झाडं तेवढी दिसली. त्यांनी त्याच दिवशी फ्लेक्स छापायला टाकला.

सर खळ्यातल्या शेडमध्ये फवारणीची टाकी बघायला गेले आणि तिथेच उभे राहिले. मी मागून गेले. एकच टाकी होती. तिच्या तोंडाला एक लाल फीत आणि एक पिवळी फीत, दोन्ही मिळून, छान गाठ मारून बांधलेल्या. लग्नात नवरानवरीची बांधतात तशी.

"जिजी," सर म्हणाले, "ह्या टाकीत काय आहे?"

"दोन्ही," जिजी म्हणाली. "हाई पोर सांगे नही, मंग मी काय करू? दोन्ही डबा एकच टाकीमा वती दिन्हात. सगळासले सारखं. पंगतमा बठाडानं आनि अर्धासना पत्रावळवर काहीच वाढानं नही, असं आमना घर कधी व्हयनं नही. देखा, झाडं कसा हिरवागार शेतस!"

सर खाली बसले. टाकीला टेकून, मातीत. जिजी घाबरली, "सर, चक्कर उनी का?" म्हणत गूळ-पाणी आणायला धावली. मी कपाळाला हात लावून उभी. सगळ्यांना अर्धं अर्धं औषध, आणि ज्याला दिलं नाही असं एकही झाड नाही. सरांनी गूळ-पाणी घेतलं. जिजीला एक शब्द बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, "चूक माझी. मी तिला काय करायचं ते सांगितलं. जीव न तुटता ते कसं करायचं, हे नाही सांगितलं."

मी म्हटलं, "सर, हे कुणाला सांगायचं नाही." मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "अहो, झाडं हिरवी आहेत! शेजारची सगळी गेली आणि आपली हिरवी आहेत. त्यांना एवढंच हवंय. तुम्ही काही बोलूच नका, नुसती मान हलवा."

"शेजारची रोपं दुसऱ्या रोपवाटिकेची आहेत. त्यांचं पाणी वेगळं, लागवड वेगळी. आपली झाडं का हिरवी आहेत, हे मला माहीत नाही."

"नसू दे माहीत! खोली राहील!"

माझा आवाज चढला होता. मला महिन्याचा पगार दिसत होता, आणि ह्या माणसाला जेलीफिश.

समारंभ वावरातच झाला. मांडव, खुर्च्या, समितीचे पाहुणे, आणि बांधावर फ्लेक्स: "सातपुड्याच्या कडेकपारीतील शास्त्रज्ञाची गगनभरारी. पपई झाली विषाणूमुक्त!" फ्लेक्सवर भाऊसाहेब केवढे तरी मोठे, सर कोपऱ्यात टिकलीएवढे, आणि पपई बहुतेक परदेशातली, कारण असली पपई मी आमच्याकडे पाहिलेली नाही. भाऊसाहेबांनी शंभर टक्के यश जाहीर केलं. टाळ्या झाल्या. समितीच्या एका बाईंनी औपचारिकता म्हणून सरांना विचारलं, "सर, हे यश नेमकं कशामुळे?"

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. खाली-वर, खाली-वर. नुसतं असं करा हो!

सर उठले. "कशामुळे ते सांगता येणार नाही," म्हणाले. "कंट्रोल राहिला नाही. त्यामुळे काही सिद्ध झालेलं नाही. विषाणूमुक्त तर मुळीच नाही. फ्लेक्स चुकीचा आहे." आणि खाली बसले. दोन बूट जुळवून, शांतपणे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मग भाऊसाहेब हसले, माइक घेतला, आणि म्हणाले, "बघा! शास्त्रज्ञांचा विनय कसा असतो!" पुन्हा टाळ्या. फ्लेक्स तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात खोलीचं कुलूप बदललं.

खोलीत सोफा आला. फ्रीजर व्हरांड्यात आला आणि दोन दिवसांत बंद पडला. सरांनी उरलेल्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून विसरवाडीला नेल्या. तिथे हायवेवर त्यांच्या चुलतभावाचं आइस्क्रीमचं दुकान. कुल्फीच्या साच्यांमागे विषाणूची नक्कल जाऊन बसली. भाऊ म्हणे गिऱ्हाइकाला बजावायचा, "मागचं नको घेऊ, ते दादाचं आहे." आणि फ्लेक्स बघून लांब लांबचे शेतकरी कॉलेजात औषध मागायला यायचे. सर प्रत्येकाला बसवून सांगायचे की असं औषध अजून नाही. लोक रागावून जायचे. एकाने तर प्राचार्यांकडे तक्रार केली की हा मास्तर औषध लपवून ठेवतो.

मी चिडले होते, खरं सांगते. सरांवर चिडता येईना, म्हणून ब्राह्मणपुरीला जाऊन जिजीवर चिडले. म्हटलं, "तुझ्या पंगतीपायी सरांची खोली गेली."

जिजी भाकरी थापत होती. हात थांबला. "मन्हामुये?"

"मग काय माझ्यामुळे?"

तिने तवा उतरवला. त्या दिवशी ती जेवली नाही. आप्पांनी दोनदा सांगितलं, मी पाया पडले, तरी नाही. संध्याकाळी तिनेच मला सरांना फोन लावायला लावला. "सर, नवी लागवड शे. तुम्ही या. यंदा मी काहीच मिसळत नही."

सर नको म्हणाले. नुकसान होईल, म्हणाले, अर्धी झाडं जातील, खोली गेली ती गेली. जिजी म्हणाली, "जाऊ द्या. तुम्ही या."

तर सर आले. कुल्फीमागच्या बाटल्या आल्या, फिती आल्या, डबे पुन्हा मीच भरले. फळं विकायची नाहीत, हे परवानग्यांतच ठरलेलं होतं. जिजीने अट घातली की फवारणी मजुरांनी करायची नाही, ती स्वतः करणार. दर आठवड्याला सकाळी पदर खोचून ती दोन पंप आळीपाळीने पाठीवर घ्यायची, लालला लाल, पिवळ्याला पिवळं. एका थेंबाची गफलत नाही. पण तिचा चेहरा बघवत नसे. मला म्हणाली, "पंगतमा तरी समजस कोन उपाशी शे. आठे तेबी समजत नही." मला तिला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं, पण ह्या वेळी ऐट नव्हती. ह्या वेळी मला आठवडेच्या आठवडे तिच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना.

पाऊस ओसरला आणि पानं आखडायला लागली. पिवळ्या फितीची. आधी एक, मग सगळी रांग. लाल फितीची उभी. सर रोज एसटीने यायचे, एकेक पान बघायचे. मी म्हटलं, "सर, आता सांगू का?" म्हणाले, "थांबा." थांबलो. पुढे लाल फितीच्या झाडांवरही चट्टे दिसले. उशिराने, पण दिसले. पिवळी कधीच गेली होती, ही फळं धरून मग आजारी पडली. तेव्हा सर म्हणाले, "आता सांगा." मी सांगितलं: लालमध्ये औषध, पिवळ्यात जेलीफिश.

सरांचा चेहरा असा उजळला की मी तो कधी पाहिला नव्हता. "उशीर होतो!" ते म्हणाले. "जिजी, रोग थांबत नाही, पण उशीर होतो! आपल्या उन्हात ते टिकत नसणार. पण होतो उशीर, खरंच होतो!" खोली नाही, फ्रीजर नाही, माझी नेमणूक नाही, आणि हा माणूस वावरात उभा राहून उशीर होतो म्हणून हसतोय.

जिजी हसली नाही. "इतलाकरता?" ती म्हणाली. "इतलाकरता अर्धी बाग मारी टाकी मी?"

"हो, जिजी," सर म्हणाले. "एवढ्याचकरता."

रोगट झाडं काढून टाकायला हवी होती. आप्पांनी कोयता आणला. जिजीने तो त्यांच्या हातून घेतला आणि पिवळ्या रांगेतल्या पहिल्या झाडापाशी गेली. कोयता खाली ठेवला. बुंध्याला हात लावला, आपण लेकराच्या पाठीवर ठेवतो तसा, आणि म्हणाली, "माफ कर माय. तुले मी काहीच दिन्हं नही."

सरांचं हसणं थांबलं. चष्मा काढून त्यांनी तो शर्टाला पुसला, मग पुन्हा पुसला. "जिजी," म्हणाले, "जे काही कळलं ते ह्यांच्यामुळेच कळलं."

"मंग ते त्यासले सांगा," जिजी म्हणाली. "माले काय सांगतस?"

आणि सर खरोखरच पुढे झाले. पुराव्याशिवाय ज्याने कधी देवालाही हात जोडले नाहीत तो माणूस पिवळ्या रांगेतून चालत गेला, आणि प्रत्येक झाडासमोर थांबून त्याने नमस्कार केला. जिजी मागून कोयता घेऊन. लाल फितीच्या रांगेपाशी मात्र सर थांबले नाहीत.